गुणसूत्रांत दोष म्हणजे कोणाचा दोष?

तासगाव तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे वय ३६, लग्नाला सात वर्षे झाली, पती सख्खे आतेभाऊ, म्हणजे सासूबाई ह्याच त्यांच्या आत्या. घरची शेती हळदीची आणि थोडी द्राक्षबाग. गेल्या वर्षी आठव्या आठवड्यात आणि यंदा दहाव्या आठवड्यात त्यांचा गर्भपात झाला. पहिल्या वेळी काही तपासले नव्हते. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी गर्भाच्या पेशी तपासणीला पाठवल्या आणि अहवालात ‘ट्रायसोमी १६’ असे आले. त्या लिहितात: “डॉक्टरांनी ‘गुणसूत्रांत दोष होता’ एवढेच सांगितले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले. घरी आल्यावर आत्याने त्याचा अर्थ असा लावला, की दोष माझ्या गुणांत आहे आणि तो माझ्या आईकडून आला आहे. शेजारच्या काकू म्हणतात, नात्यात लग्न केल्याचे हे फळ. मला मात्र मनातून वाटते, की आठव्या आठवड्यात मी साखरपुड्यासाठी सांगलीपर्यंत स्कूटरवर गेले, तेच बाधले. खरे कारण काय आणि पुन्हा असेच होईल का?”

प्रिय भगिनी,

सर्वांत आधी स्कूटरचा विषय संपवू, कारण तुमच्या पत्रात तो शेवटी असला तरी तुम्हाला रात्री जागवतो आहे तो तोच, असे मला वाटते. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात आणि अंडपेशी अंडाशयातून बाहेर पडते ती साधारण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी. तुमच्या अहवालात जी चूक दिसते, ती जवळजवळ नेहमी अंडपेशी बाहेर पडण्याच्या आधीच्या काही तासांतच घडून गेलेली असते. म्हणजे तुम्ही साखरपुड्याला निघालात, तेव्हा त्या घटनेला सहा आठवडे होऊन गेले होते. रस्ता कितीही खड्ड्यांचा असला तरी तो एका पेशीतील गुणसूत्रांची संख्या बदलू शकत नाही. पपई, जड बादली, जागरण ह्या सगळ्यांना हाच हिशेब लागू होतो.

आता तुमच्या आत्यांनी लावलेल्या अर्थाविषयी. ह्यात त्यांच्याइतकाच आपल्या भाषेचाही वाटा आहे. मूळ शब्द ‘क्रोमोसोम’ हा जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डेयर ह्यांनी १८८८ साली ग्रीक भाषेतून घडवला आणि त्याचा अर्थ नुसता ‘रंग घेणारी काया’ असा आहे, कारण सूक्ष्मदर्शकाखाली पेशीला रंग दिला की जनुके वाहून नेणाऱ्या तिच्यातल्या ह्या काड्या गडद दिसतात. मराठीत ‘रंगसूत्र’ हाही शब्द आहे, पण रूढ झाला तो ‘गुणसूत्र’, आणि गुण म्हटले की आपल्याला एकतर पत्रिकेतले आठवतात नाहीतर स्वभावातले. ‘गुणसूत्रांत दोष’ हे वाक्य स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंत ‘सुनेच्या गुणांत दोष’ होते, ह्यात नवल नाही. तुमच्या अहवालातील दोष हा संख्येचा दोष आहे. कोणत्याही गुणाचा नाही, आणि तुमच्या शरीराचाही नाही. तो त्या एका गर्भाच्या पेशींत होता.

अहवालासोबत एखादे चित्र असेल तर ते काढून पाहा. बारीक पट्ट्यापट्ट्यांच्या काड्या आखूड-लांब क्रमाने मांडलेल्या असतात आणि प्रत्येक क्रमांकाखाली दोन. माणसाच्या पेशीत अशा २३ जोड्या, एकूण ४६ गुणसूत्रे असतात. हा आकडासुद्धा बराच उशिरा नक्की झाला: १९५६ पर्यंत पाठ्यपुस्तके ४८ म्हणत होती, त्या वर्षी स्वीडनमधील लुंड येथे टियो आणि लेवान ह्यांनी ४६ असल्याचे दाखवून दिले. प्रत्येक जोडीतील एक काडी आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली असते. तुमच्या त्या गर्भाच्या अहवालात १६ क्रमांकाखाली दोनऐवजी तीन होत्या. ‘ट्रायसोमी’ म्हणजे एवढेच.

तिसरी आली कशी, हे समजण्यासाठी अंडपेशी आणि शुक्रपेशी कशा घडतात ते पाहावे लागेल. शरीरातील इतर सर्व पेशी विभागताना ४६ च्या ४६ काड्यांची नक्कल करून दोन्ही पेशींना पूर्ण संच देतात. अंडपेशी आणि शुक्रपेशी मात्र तसे करू शकत नाहीत, कारण दोघांनी ४६ आणले तर बाळाच्या पेशीत ९२ होतील आणि नातवंडांच्या पेशीत १८४. म्हणून त्या पेशींपुरते एक वेगळे विभाजन निसर्गात आहे, ज्याला शालेय पुस्तकांत अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात: नक्कल एकदाच, पण विभागणी दोनदा, आणि हाती येतो २३ चा अर्धा संच.

सांगलीत मी बरीच वर्षे जीवशास्त्र शिकवले. ह्या विभाजनाचे प्रात्यक्षिक आम्ही कांद्याच्या डेंगळ्यांवर करत असू. गोंडा उमलण्यापूर्वीच्या अगदी लहान कळ्या घ्यायच्या, त्यातला परागकोश काचपट्टीवर ठेवून रंगात चिरडायचा आणि नळी डोळ्याला लावायची. कांद्याला १६ गुणसूत्रे, म्हणजे आठ जोड्या. नशीब चांगले असेल तर त्या आठही जोड्या पेशीच्या मध्यावर ओळीने उभ्या सापडत आणि प्रत्येक जोडीतील दोघी एकमेकींना एक-दोन ठिकाणी फुलीसारख्या अडकलेल्या दिसत. मुली विचारत, “बाई, ह्या भांडतायत की फुगडी खेळतायत?” पुस्तकातल्या कोणत्याही आकृतीपेक्षा मला तो प्रश्न आवडे, कारण तिथे घडते ते खरोखरच फुगडीसारखे असते.

फुगडी घालताना दोघी हातांची फुली करून एकमेकींना धरतात आणि मागे झुकतात. दोन्हीकडून ताण आहे आणि मधली पकड घट्ट आहे, म्हणूनच तोल टिकतो. गुणसूत्रांच्या जोडीचेही असेच आहे. पेशीच्या दोन टोकांकडून निघालेले बारीक धागे जोडीतील एकीला एका बाजूला आणि दुसरीला दुसऱ्या बाजूला ओढत असतात आणि मधल्या फुल्या व त्यांना बांधून ठेवणारी प्रथिने तो ताण पेलून धरतात. ताण दोन्हीकडून सारखा आहे, ह्यावरूनच पेशीला कळते की जोडी नीट लागली आहे. मग एका क्षणी पकड सुटते आणि दोघी दोन टोकांना जातात. दुसऱ्या विभागणीत प्रत्येक काडी आणि तिची नक्कल वेगळ्या होतात. स्त्रीच्या बाबतीत दोन्ही वेळा एकच मोठी अंडपेशी राखली जाते आणि नको असलेला संच एका चिमुकल्या पेशीत, ज्याला ध्रुवपिंड म्हणतात, बाहेर टाकला जातो. तुमच्या बाबतीत १६ क्रमांकाची जी जोडी दोन टोकांना जायला हवी होती, ती दोन्ही मिळून अंडपेशीतच राहिली. एक ध्रुवपिंडात जायला हवी होती, ती गेली नाही. तुमच्या पतींच्या शुक्रपेशीतून तिसरी आली. दोन आणि एक तीन.

त्या फुलीचे आणखी एक काम आहे. तुमच्या पेशीतील दोन क्रमांक १६ पैकी एक तुमच्या आईचे आणि एक वडिलांचे. फुली पडते तिथे ती दोन्ही आपापले तुकडे बदलून घेतात. त्यामुळे तुमच्या अंडपेशीत जाणारी काडी तुमच्या आईची किंवा वडिलांची जशीच्या तशी नसते, दोघांची सरमिसळ असते. शिवाय कोणत्या जोडीतील कोणती काडी कोणत्या बाजूला जाईल हे प्रत्येक जोडीचे स्वतंत्र ठरते, म्हणून तुकड्यांची अदलाबदल सोडून दिली तरी एका स्त्रीच्या अंडपेशींत ८३,८८,६०८ प्रकारचे संच संभवतात. सख्ख्या बहिणी नाकीडोळी वेगळ्या असतात त्या ह्यामुळे.

आता तुमच्या आत्यांच्या म्हणण्यातला एक भाग मी नाकारणार नाही, कारण अर्धे सत्य सांगून तुमचे समाधान करणे मला पटत नाही. ट्रायसोमी १६ मधील जास्तीची काडी जवळजवळ नेहमी अंडपेशीतूनच येते. पण ‘अंडपेशीतून आली’ आणि ‘माहेराहून आली’ ही दोन अगदी वेगळी वाक्ये आहेत. तुमच्या शरीरातील पेशींत १६ क्रमांकाच्या तीन काड्या नाहीत. असत्या तर तुम्ही जन्मालाच आला नसता, कारण सगळ्याच पेशींत अशी तिसरी काडी असेल तर गर्भ पुढे वाढत नाही. तुमच्या आईतही त्या नव्हत्या. ही चूक कोणाकडून वारशाने उतरलेली नाही, ती त्या एका पेशीत, त्या एका वेळी घडली. आणि आत्या दोषाचा पत्ता शोधत तुमच्या माहेरापर्यंत पोहोचणारच असतील, तर ते घर त्यांचेही माहेर आहे, हे त्यांना हलकेच सांगायला हरकत नाही.

ही चूक कशामुळे घडते, ह्याचे उत्तर वयात आहे आणि ते उत्तर ऐकताना तुम्ही जरा नवल कराल. पुरुषाच्या शरीरात शुक्रपेशींचे काम वयात आल्यापासून अखंड चालू असते. एक शुक्रपेशी घडायला सुमारे अडीच महिने लागतात आणि पुन्हा नव्या घडतच राहतात. स्त्रीचे तसे नाही. तुम्ही तुमच्या आईच्या पोटात चार-पाच महिन्यांच्या होतात, तेव्हाच तुमच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजपेशी होत्या. जन्माच्या वेळी त्यांतल्या दहा-वीस लाख उरल्या, वयात येताना तीन-चार लाख. ह्या पेशींनी जन्माआधीच अर्धगुणसूत्री विभाजन सुरू केले, जोड्या लावल्या, फुल्या पाडल्या आणि मग त्या तिथेच थांबल्या. ज्या महिन्यात त्या बीजाचा नंबर लागतो, त्याच महिन्यात ते पुढची पायरी चढते, आणि दुसरी विभागणी तर शुक्रपेशी आत शिरल्यावरच पूर्ण होते. म्हणजे यंदा तुम्हाला दिवस गेले त्या अंडपेशीतील जोड्या तुमच्या जन्माआधीपासून, छत्तीस वर्षांहून अधिक काळ, फुगडीचे हात धरून उभ्या होत्या. त्यांना बांधणारी प्रथिने तेव्हा घातली गेली, ती नंतर फारशी बदलली जात नाहीत आणि वर्षे जातात तशी सैल होतात. इतक्या वर्षांनी एखादी पकड वेळेआधी सुटली, तर दोघी कोणत्या बाजूला जातील ह्याचा भरवसा राहत नाही. हे सर्वच स्त्रियांमध्ये घडते, विशीतही थोडे घडते, पस्तिशीनंतर वेगाने वाढते.

म्हणूनच पहिल्या तीन महिन्यांत आपोआप होणाऱ्या गर्भपातांपैकी निदान निम्म्यांत गुणसूत्रांच्या संख्येचा असाच गोंधळ सापडतो आणि त्यांत सर्वाधिक आढळणारी ट्रायसोमी १६ क्रमांकाचीच असते. तुमच्याच गल्लीत हे आणखी कोणाला झाले असेल. बायका बोलत नाहीत, एवढेच.

एका काडीने इतके का बिघडावे, हेही सांगते. १६ क्रमांकावर आठशेच्या आसपास जनुके आहेत आणि तीन काड्या असल्या की त्या सगळ्यांचा माल दीडपट तयार होतो, बाकीच्यांचा मात्र नेहमीइतकाच. कांदा-लसूण मसाला करताना सगळेच जिन्नस दीडपट घेतले तर मसाला जास्त होईल, बिघडणार नाही. एकट्या लवंगाच दीडपट पडल्या तर चव जाते. गर्भाच्या वाढीला हा बिघडलेला मेळ पेलत नाही आणि ती थांबते. अगदी लहान, कमी जनुके असलेल्या २१ क्रमांकाची तिसरी काडी असेल तर मूल जन्माला येऊ शकते. डाउन सिंड्रोम तो हाच, आणि त्यामागे जास्तीचे २१ वे गुणसूत्र असते हे १९५९ साली पॅरिसमध्ये लक्षात आले.

ह्याचा उलटा दाखला तुमच्याच शेतात आहे. अक्षय तृतीयेच्या सुमारास तुम्ही जेठे गड्डे नाहीतर बगल गड्डे बेणे म्हणून लावता. हळदीचे बी पेरलेले कोणी पाहिले आहे का? हळदीला फूल येते, पण बी धरत नाही. कारण तिच्या पेशीत ६३ गुणसूत्रे असतात, २१ चे तीन संच. तिन्ही संच पूर्ण असल्यामुळे मेळ बिघडत नाही, पीक जोमदार येते, हळकुंड भरते. पण बी धरण्याची वेळ आली की प्रत्येक क्रमांकाच्या तिघी समोर येतात आणि दोघींच्या फुगडीत तिसरी शिरल्यावर जे व्हायचे तेच होते: कोणाच्या वाट्याला किती जाणार ह्याचा मेळ लागत नाही. हळदीने मग हा रस्ताच सोडून दिला आहे. गड्ड्यापासून गड्डा, पिढ्यान्‌पिढ्या तोच संच. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपली सांगलीची हळद अशी न बदलता चालत आलेली आहे. माणसाला मात्र गड्ड्याची सोय नाही.

नात्यातल्या लग्नाविषयी तुमच्या काकूंचे म्हणणे इथे लागू पडत नाही. जोडी सुटण्याची चूक पती नात्यातला असो वा परका, सारखीच घडते. पण त्यांचे म्हणणे सर्वस्वी निराधारही नाही. धोका आहे, तो दुसऱ्या प्रकारचा. तुमचे आजोबा-आजी हे तुमच्या पतींचेही आजोबा-आजी आहेत. समजा, आजोबांत एखादे सदोष जनुक दडलेले होते, ज्याची जोडीदार प्रत चांगली असल्यामुळे त्यांना काही झाले नाही. प्रत्येक पिढीत संच निम्मा होतो, म्हणून ते तुमच्या वडिलांना मिळण्याची शक्यता निम्मी, तुम्हाला मिळण्याची पाव; आत्यांकडून तुमच्या पतींनाही पाव. दोघांनाही ते मिळालेले असण्याची शक्यता सोळांत एक आणि तुम्हा दोघांच्या बाळात दोन्ही सदोष प्रती एकत्र येण्याची चौसष्टांत एक. असे दडलेले जनुक प्रत्येक घरात कुठले ना कुठले असते, म्हणून जन्मजात दोषाची शक्यता, जी सर्वसाधारण जोडप्यात शंभरांत दोन-तीन असते, ती सख्ख्या आते-मामे भावंडांत शंभरांत चार ते सहापर्यंत जाते. थॅलेसेमिया, काही प्रकारचा जन्मजात बहिरेपणा ह्या गटातले. त्यासाठी तपासणी करून घ्यावी हे मी आग्रहाने सांगेन, पण ह्या दोन गर्भपातांची जबाबदारी त्या लग्नावर टाकू नका.

पुन्हा होईल का? एका वेळी अशी ट्रायसोमी झाली म्हणून पुढच्या वेळचा धोका तुमच्या वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा फारसा वाढत नाही. जो असतो तो वयाचा. मात्र पहिल्या गर्भपाताचे कारण आपल्यापुढे नाही आणि दोनदा झाले असल्यामुळे तुम्हा दोघांच्याही रक्ताची कॅरिओटाइप चाचणी करून घ्यावी, असा माझा सल्ला आहे. दोघांच्याही, हा शब्द पतींना वाचून दाखवा. रक्तातील पांढऱ्या पेशी सुमारे तीन दिवस वाढवून, विभाजनाच्या मध्यावर थांबवून, रंग देऊन त्यांतील गुणसूत्रे मोजतात. अहवालाला त्याहून बरेच दिवस लागतात. वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी दोन ते पाच जोडप्यांत एकाच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांवर बसलेले आढळतात. त्या व्यक्तीत सगळा माल पुरेपूर असतो, म्हणून तिला काही त्रास नसतो. पण जोड्या लावताना अडचण येते. तसे निघाले तरी मार्ग असतात. ह्याबरोबर थायरॉईड, साखर, गर्भाशयाची सोनोग्राफी आणि रक्त गोठण्यासंबंधीच्या प्रतिपिंडांची तपासणी डॉक्टर सांगतील, ती टाळू नका. थॅलेसेमियासाठीची रक्ततपासणी त्याच वेळी होऊन जाईल.

फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यावी. ती बाळाच्या मज्जारज्जूसाठी आहे, गुणसूत्रांची संख्या तिने सुधारत नाही. आणि ‘अंडबीज तरुण करणारी’ म्हणून जी चूर्णे आणि महागडी टॉनिके विकली जातात, त्यांपैकी कशानेही ती सैल झालेली पकड पुन्हा घट्ट होत नाही. तो पैसा तपासण्यांवर खर्च करा. भीतीपोटी दोन-तीन वर्षे थांबण्याचा विचार मनात असेल तर तो सोडा, कारण थांबल्याने धोका वाढतो. बाळात डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता पस्तिशीत साडेतीनशेत एक असते, चाळिशीत शंभरांत एक. पुढच्या वेळी अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातील सोनोग्राफी आणि आईच्या रक्तावरून होणारी गुणसूत्रांची चाळणी ह्याविषयी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

आणि जनुकीय समुपदेशकाकडे जाल तेव्हा आत्यांना सोबत न्या. तिथे तीन पिढ्यांची वंशावळ काढतात: कोण लहानपणी गेले, कोणाला ऐकू येत नव्हते, कोणाला रक्त चढवावे लागे, कोणाची मुले जगली नाहीत. तुमच्या दोन्ही घरांची ही माहिती एकाच माणसाला तोंडपाठ असणार आणि ते माणूस म्हणजे तुमच्या सासूबाई. कदाचित आपल्याच आईच्या न जगलेल्या मुलांविषयी बोलताना त्यांना जे आठवेल, ते त्यांनी आजवर तुम्हाला सांगितलेले नसेल. त्या कागदावर तुम्हा पती-पत्नींच्या मध्ये दुहेरी रेघ ओढली जाईल. ती नात्यातल्या लग्नाची नेहमीची खूण आहे, दचकू नका, आणि आत्यांनी विचारले तर त्यांनाही तेवढेच सांगा.